शिकविण्यास जाणारा विद्यार्थी

परदेशगमन म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा दोनच चित्रें उभीं राहतात. एक मोठ्या विद्यापीठांतील पदवीचें व दुसरें मोठ्या पगाराच्या नोकरीचें. या दोहोंखेरीज एक तिसरा मार्ग आहे. तो फारसा गाजलेला नाहीं, परंतु भाषेची आवड असलेल्या तरुणांनीं व तरुणींनीं त्याचा विचार करण्याजोगा आहे. परक्या देशांतील शाळेंत इंग्रजीचा सहाय्यक शिक्षक म्हणून वर्ष दोन वर्षें राहणें, हा तो मार्ग होय. फ्रान्स, स्पेन, जपान इत्यादि देशांत अशा सहाय्यकांची व्यवस्था सरकारच्या वतीनें केलेली आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही जपानचें उदाहरण घेतलें आहे. तेथें काय शिकवावें यापेक्षां तेथें राहावें कसें, याचाच विचार आम्ही मुख्यतः करणार आहों. कारण व्याकरण पक्कें असूनही गांवांत न रुजलेला शिक्षक वर्गांत फार काळ टिकत नाहीं.

या कामाची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकापासून जपाननें परकीयांस आपलीं दारें जवळजवळ बंद केलीं होतीं. अशा काळीं, १८४८ सालीं, रॅनल्ड मॅक्डोनल्ड नांवाचा चोवीस वर्षांचा तरुण देवमासे मारणाऱ्या एका जहाजावरून मुद्दाम लहान होडींत उतरला व जपानच्या उत्तरेकडील बेटावर जाऊन पोंचला. त्याचा पिता स्कॉटिश व माता उत्तर अमेरिकेंतील चिनूक या मूळ रहिवाशांपैकीं होती. त्यास पकडून नागासाकीस नेण्यांत आलें व तेथें कैदेंत ठेवण्यांत आलें. परंतु त्याच कैदेंत चौदा जपानी दुभाषे त्याच्यापाशीं इंग्रजी शिकावयास बसूं लागले. ते एकामागून एक त्याच्यापुढें इंग्रजी वाचीत. तो त्यांचे उच्चार सुधारी व जमेल तशा जपानींत अर्थ समजावून सांगे. स्वतःही तो त्यांच्याकडून जपानी शब्द टिपून घेई. १८४९ सालीं एका अमेरिकन जहाजावरून त्याची रवानगी झाली. त्याच्या शिष्यांपैकीं मोरियामा एइनोसुके यानें पुढें १८५४ सालीं अमेरिकेशीं झालेल्या वाटाघाटींत दुभाष्याचें काम केलें. शिक्षक कैदी व विद्यार्थी अधिकारी, असा हा विलक्षण वर्ग होता! तरीही दोघांनीं एकमेकांपासून शिकण्याची लाज बाळगली नाहीं, म्हणून तो सफल झाला.

दुसरें उदाहरण लाफ्काडिओ हर्न यांचें. हे ग्रीस देशांत जन्मलेले, आयर्लंडांत वाढलेले व अमेरिकेंत वर्तमानपत्रांत लिहून नांवारूपास आलेले लेखक होते. १८९० सालीं ते जपानांत आले व त्याच वर्षीं मात्सुए या लहान शहरांत इंग्रजीचे शिक्षक झाले. त्यांस जपानी भाषा येत नव्हती. तेथील शाळेंतील निशिदा सेन्तारो या सहकारी शिक्षकांनीं त्यांस हाताशीं धरिलें. घर, रीतभात, विद्यार्थी या सर्वांची ओळख करून दिली. हर्न यांनीं पुढें कोइझुमी सेत्सु या जपानी स्त्रीशीं विवाह केला व १८९६ सालीं जपानचे नागरिक होऊन कोइझुमी याकुमो हें नांव घेतलें. त्यांची जपानी भाषा अखेरपर्यंत मोडकीतोडकीच राहिली. परंतु त्याच मोडक्या भाषेंत पतिपत्नींचा संसार चालला, आणि सेत्सुबाईंनीं सांगितलेल्या जुन्या कथांतूनच हर्न यांचे पुष्कळसें लेखन निर्माण झालें. परदेशांत स्थिर होण्यास भाषेची पूर्णता लागत नाहीं, ऐकून घेण्याची वृत्ति लागते, हें यावरून दिसून येईल.

आतां सांप्रतच्या व्यवस्थेकडे वळूं. १९८७ सालीं जपान सरकारनें ‘जेट’ या संक्षिप्त नांवाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षीं अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. २०१९ सालीं ही संख्या ५,७६१ वर गेली व देशांची संख्या ५७ झाली. यांपैकीं बहुतेक सर्व सहाय्यक भाषाशिक्षक असतात. उमेदवार पदवीधर असावा लागतो. करार एक वर्षाचा असून तो वाढवीत वाढवीत जास्तींत जास्त पांच वर्षें राहतां येतें. २०२० सालापासून जपानच्या प्राथमिक शाळांत पांचव्या व सहाव्या इयत्तेस इंग्रजी हा रीतसर विषय झाला असून तिसऱ्या व चौथ्या इयत्तेसही खेळ, गाणीं व संभाषण यांच्या द्वारें त्याचा परिचय करून देतात. त्यामुळें सहाय्यकास कधीं सोळा वर्षांच्या, तर कधीं आठ वर्षांच्या मुलांपुढें उभें राहावें लागतें. कोणत्या देशांतून कोणत्या कामासाठीं माणसें घ्यावयाचीं हें दरवर्षीं ठरतें. म्हणून इच्छुकांनीं ऐकीव माहितीवर न विसंबतां जपानी वकिलातीकडेच चौकशी करावी.

नवा सहाय्यक बहुधा जुलै महिन्याच्या अखेरीस किंवा ऑगस्टांत जपानांत पोंचतो. टोकियो शहरीं कांहीं दिवस मार्गदर्शन होतें. सोबतीस शेंकडों समवयस्क असतात व सर्वत्र उत्साह असतो. मग एके दिवशीं ही मंडळी ४७ प्रांतांत पांगते, आणि कालपर्यंत गर्दींत असलेला तरुण एखाद्या भातशेतीच्या गांवीं एकटाच उतरतो. शाळेस तेव्हां उन्हाळ्याची सुटी असते. विद्यार्थी नाहींत, तास नाहींत. तरी शिक्षकांच्या खोलींत आपल्या मेजापाशीं दिवसभर बसावें लागतें. शिकविण्याच्या उमेदीनें आलेल्यास हे रिकामे दिवस फार जड जातात. शहाणा मनुष्य हाच काळ कारणीं लावतो. सहकाऱ्यांचीं नांवें पाठ करणें, लिपि गिरविणें, पाठ्यपुस्तकें चाळणें व सप्टेंबरांत प्रत्येक वर्गापुढें करावयाच्या आत्मपरिचयाची तयारी करणें, हीं कामें तेव्हां उरकतात. आपल्या घरचीं छायाचित्रें, नाणीं, तिकिटें, एखादें खेळणें अशा लहान वस्तु बरोबर नेल्यास या आत्मपरिचयांत त्यांचा हजार शब्दांहून अधिक उपयोग होतो.

प्रथम घराची घडी बसवावी लागते. राहण्याची जागा निश्चित झाल्यावर चौदा दिवसांच्या आंत नगरकचेरींत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. बँकेंत खातें उघडणें, आरोग्यविम्याचीं कागदपत्रें नीट ठेवणें, हींही त्याच आठवड्यांतलीं कामें. विमा असला तरी दवाखान्यांत खर्चाचा सुमारें ३० टक्के भाग रुग्णास स्वतः द्यावा लागतो, हें ध्यानांत असूं द्यावें. पहिला पगार हातीं येण्यास कांहीं आठवडे लागतात. म्हणून तेवढ्या दिवसांची बेगमी घरूनच करून निघावें. केरकचऱ्याचे नियम तर नवख्यास परीक्षेसारखे वाटतात. जळणारा कचरा कोणत्या वारीं, बाटल्या कोणत्या वारीं, कागद कोणत्या वारीं, याचें पत्रक प्रत्येक गांवीं निराळें असतें. चुकीच्या दिवशीं ठेविलेली पिशवी तशीच मागें राहते व सर्व आळीस दिसते. हें पत्रक प्रथम समजावून घ्यावें. शेजाऱ्यांचें मन जिंकण्याचा तो अगदीं स्वस्त उपाय आहे.

घरांत शिरतांना पादत्राणें बाहेरच्या बाजूस काढावीं लागतात, ही रीत आम्हां मराठी माणसांस परकी नाहीं. परंतु जपानांत ती शाळेसही लागू आहे. दारांतील सखल जागेंत बाहेरचे जोडे काढून आंत वापरावयाचे निराळे जोडे घालावयाचे. चटईच्या खोलींत तेही काढावयाचे. संडासाच्या सपाता तर केवळ तेथल्याच. शाळेंत पाऊल टाकतांच सर्वांस मोठ्यानें सकाळचें अभिवादन करावें. आणि सायंकाळीं इतरांच्या आधीं निघावयाचें झाल्यास ‘ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु’, म्हणजे ‘आपल्या आधीं निघतों, क्षमा असावी’, असें म्हणून निघावें. सर्व शिक्षक एकाच मोठ्या खोलींत मेजें जोडून बसतात. त्यामुळें कोण आला, कोण गेला, कोणी नमस्कार केला व कोणी केला नाहीं, हें सर्वांस दिसतें. नव्या माणसाची पहिली परीक्षा वर्गांत होत नाहीं. ती येथें होते.

वर्गांत मुख्य जबाबदारी जपानी शिक्षकाची असते व सहाय्यक त्याच्या जोडीस उभा राहतो. कोणी शिक्षक सहाय्यकाकडून तासभर खेळ व संभाषण करून घेतात, तर कोणी केवळ धडा मोठ्यानें वाचून दाखवावयास सांगतात. दुसऱ्या प्रसंगीं तरुणाचा अभिमान दुखावतो. ‘आम्ही काय बोलकें यंत्र आहोंत?’ असें त्यास वाटतें. आमचें मत असें कीं, येथें रुसून बसण्यांत कांहीं लाभ नाहीं. धडा वाचावयाचा तर तो उत्तम वाचावा. आणि मधल्या सुटींत त्या शिक्षकास विचारावें कीं, ‘पुढच्या तासास आम्ही पांच मिनिटांचा एक खेळ तयार करून आणूं काय?’ पांच मिनिटें विश्वासानें मिळालीं म्हणजे पुढें पंधरा मिळतात. नागासाकीच्या कैद्याचें कामही वाचून घेण्याचें व उच्चार सुधारण्याचेंच होतें, हें विसरूं नये.

विद्यार्थ्यांच्या मौनानेंही पुष्कळजण हताश होतात. प्रश्न विचारावा तों सर्व वर्ग स्तब्ध! हें मौन म्हणजे अनास्था, असें नवखा समजतो. वास्तविक चारचौघांत चुकण्याची भीति हें त्याचें कारण असतें. त्याच मुलांस आधीं शेजाऱ्याशीं विचारविनिमय करूं दिल्यास उत्तर येतें. उच्चारांच्या बाबतींतही असाच धीर धरावा. जपानी भाषेंत ‘र’ व ‘ल’ हे निरनिराळे वर्ण नाहींत. त्यामुळें ‘लाइट’ व ‘राइट’ हे दोन्ही शब्द जपानी लिपींत ‘राइतो’ असेच लिहिले जातात, आणि ‘मिल्क’चें ‘मिरुकु’ होतें. यास हंसण्यापूर्वीं आम्ही आमच्याकडे पाहावें. स्टेशनाचें ‘ठेसन’ आमच्याच खेड्यांत झालें, आणि आमचा ‘ळ’ म्हणतांना भल्याभल्या इंग्रजांची बोबडी वळते. जो वर्ण लहानपणीं कानीं पडला नाहीं तो मोठेपणीं जिभेस जड जातो. त्यांत बुद्धीचा दोष नाहीं.

येथें मराठी वाचकांस एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जपानी भाषेच्या दोन अक्षरलिप्या आहेत व प्रत्येकींत ४६ मूळ अक्षरें आहेत. त्यांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ या स्वरांनीं सुरू होतो, व पुढें का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी येतात. हा क्रम आमच्या वर्णमालेची आठवण करून देतो, आणि तें योगायोगानें नव्हे; बौद्ध भिक्षूंनीं संस्कृत लेखनासाठीं ‘सिद्धम्’ लिपीचा जो अभ्यास केला त्याचा तो परिणाम आहे. वाक्यरचनाही आम्हांस ओळखीची वाटते. क्रियापद शेवटीं येतें व विभक्तिदर्शक शब्द नामाच्या मागून लागतात. ‘मी पाव खातों’ हें वाक्य शब्दाला शब्द ठेवून जपानींत सांगतां येतें. आणि त्यांतील पावास तेथें ‘पान’ म्हणतात. पोर्तुगीज दर्यावर्दी लोकांनीं एकच शब्द दोन किनाऱ्यांवर उतरविला, तो आमच्याकडे ‘पाव’ झाला व त्यांच्याकडे ‘पान’. अर्थात् हजारों चिनी चित्राक्षरें शिकावयाचीं राहतातच. नित्य व्यवहारासाठीं ठरविलेल्या अक्षरांची संख्याच २,१३६ आहे. तीं सर्व येईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. पहिल्या महिन्यांत ४६ अक्षरें आलीं तरी आगगाडीचें स्टेशन, दुकानांतील पाटी व मुलांचीं नांवें वाचतां येऊं लागतात, आणि गांव एकदम कमी परका वाटूं लागतो.

दुपारचें जेवण प्राथमिक शाळांत व पुष्कळशा माध्यमिक शाळांत विद्यार्थी व शिक्षक वर्गांतच एकत्र करतात. पांढरीं वस्त्रें व टोप्या घालून मुलेंच पाळीपाळीनें वाढतात. जेवणानंतर सर्व मुलें फडकीं व झाडू घेऊन शाळा स्वच्छ करतात. सहाय्यकानें या वेळीं मेजापाशीं बसून न राहतां फडकें हातीं घ्यावें. तासांत एक शब्द न बोलणारा मुलगा जिना पुसतां पुसतां आपण होऊन दोन शब्द बोलतो, असें घडतें. मात्र जे कुटुंब शाकाहारी आहे त्यांनीं एक गोष्ट आधींच जाणावी; तेथील साध्या भाजीच्या कढणांतही बहुधा सुकविलेल्या मासळीचा अर्क असतो. आपला आहार काय तो पहिल्याच आठवड्यांत नम्रपणें व स्पष्टपणें सांगावा, आणि लागल्यास स्वतःचा डबा न्यावा. संकोचानें गप्प राहून मग ताट तसेंच टाकणें, हें दोन्ही पक्षांस अधिक त्रासाचें होतें.

इतकें सर्व करूनही एक कठीण काळ येतोच. कॅनडांत जन्मलेले मानवशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनीं १९५४ सालच्या एका व्याख्यानांत या अवस्थेचें वर्णन केलें आहे. प्रथम सर्वच नवें व मोहक दिसतें. मग तेंच सर्व त्रासदायक वाटूं लागतें. त्यानंतर हळूहळू मनुष्य सांवरतो व शेवटीं रुळतो. जपानांत हा दुसरा टप्पा पुष्कळांस पहिल्या हिंवाळ्यांत गांठतो. पश्चिम किनाऱ्यावर बर्फ फार पडतें. घरांच्या भिंती पातळ असतात व एकच खोली तापविण्याची रीत असते. बुटक्या मेजाखालीं शेगडी व वरून दुलई, असा जो ‘कोतात्सु’ असतो त्यांत पाय घालून बसलें कीं उठवत नाहीं. बाहेर अंधार, आंत एकटेपणा, आणि हातांतील मोबाइलवर घरच्यांचे हंसरे चेहरे! अशा वेळीं ‘आपण येथें कोणाच्या कामाचे?’ हा प्रश्न उभा राहतो. हर्न यांसही मात्सुएचा हिंवाळा सोसवला नाहीं व ते दक्षिणेकडील कुमामोतोस गेले. म्हणून या खिन्नतेची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. ती कोणा विश्वासू माणसाजवळ बोलून दाखवावी, अंगावर काढूं नये. आणि घराबाहेर पडावें. शाळेंतील एखाद्या खेळाच्या किंवा सुलेखनाच्या मंडळांत विद्यार्थ्यांबरोबर शिकावयास बसावें. ज्या गांवांत आपणास कोणी कांहीं शिकवितें, त्या गांवांत आपण परके राहत नाहीं.

असें रुजलेलें एक आयुष्य वाचकांपुढें ठेवून हा लेख आवरता घेतों. टेलर अँडरसन नांवाची अमेरिकन तरुणी २००८ सालीं या योजनेंतून जपानच्या ईशान्येकडील इशिनोमाकी शहरीं सहाय्यक शिक्षिका म्हणून गेली. ११ मार्च २०११ रोजीं मोठा भूकंप झाला तेव्हां ती तेथील एका प्राथमिक शाळेंत होती. मुलांचे आईबाप त्यांस न्यावयास येईपर्यंत ती शाळेंत थांबली. मग ती सायकलवरून घरीं जावयास निघाली, आणि समुद्राच्या लाटेनें तिला गांठलें. ती चोवीस वर्षांची होती. रिकुझेन्ताकाता येथील माँटी डिक्सन हा दुसरा अमेरिकन सहाय्यकही त्याच आपत्तींत गेला. टेलरच्या आईवडिलांनीं तिच्या स्मरणार्थ निधि उभारून त्या भागांतील शाळांना इंग्रजी पुस्तकें दिलीं. हे संग्रह ‘टेलर बुन्को’, म्हणजे टेलरचा ग्रंथसंग्रह, या नांवानें ओळखले जातात. त्यांतील पुस्तकांसाठीं कपाटें तयार केलीं तीं इशिनोमाकीच्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थानें. त्याचीं तिन्ही मुलें त्याच लाटेंत गेलीं होतीं, आणि तीं मुलें टेलरचीं विद्यार्थी होतीं.

विद्यार्थिमित्रहो, ज्या पित्याचें घर रिकामें झालें त्यानें एका परदेशी सहाय्यक शिक्षिकेच्या नांवाचीं कपाटें स्वतःच्या हातांनीं घडविलीं, याचा अर्थ नीट ध्यानीं घ्या. तीन वर्षांत ती त्या गांवास परकी राहिली नव्हती. तिचा हुद्दा सहाय्यकाचा होता. परंतु सहाय्य ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. तुमच्यापैकीं कोणी उद्यां अशा कामास गेलेंच, तर ‘आम्ही शिकविण्यास आलों’ हा विचार दाराबाहेर जोड्यांबरोबर काढून ठेवा. ‘आम्ही शिकावयास आलों, आणि जमेल तें देऊं’ एवढाच आंत न्या.

आणि पालकांस दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी दूर देशीं जाणार म्हटलें म्हणजे आपण बॅगेंत लोणचीं व चिवडा भरतों. तो अवश्य भरावा. परंतु त्याआधीं पुष्कळ वर्षें घरींच कांहीं शिदोरी बांधावी लागते. स्वतःचें ताट उचलणें, स्वतःची खोली झाडणें, शेजाऱ्याची विचारपूस करणें, चुकल्यास चूक कबूल करणें, आणि एकटें वाटलें तर तसें मोकळेपणानें सांगणें, या संवयी विमानतळावर देतां येत नाहींत. ज्यांस त्या घरांतच लाभल्या, ते मुलगे व मुली जगाच्या पाठीवर कोठेंही गेल्या तरी आपलें घर करतील, अशी आमची खात्री आहे.